एकशे एक वर्षांची माणसं

३ मार्च

मामा,

हे पत्र खुर्चीत बसून वाचा. तुमच्या प्रोग्रामची तारीख ठरली. एकतीस मार्चला संध्याकाळी पाच वाजता तो कायमचा बंद. आणि बंद कोण करणार? तुमची सख्खी भाची! साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, "हिच्या मामांनीच लिहिलाय तो, हिलाच करू दे." सगळे हसले. मीपण हसले, काय करणार?

साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगते, मला शिव्या घालू नका. ते म्हणतात, मम्प्स ही कॉम्प्युटरची भाषा आता संपली. कॉलेजात कोणी शिकवत नाही. नव्या पोरांना नुसतं नाव सांगितलं तर ती विचारतात, गालगुंडाची साथ आलीय का? रक्तपेढीचा अख्खा कारभार तीस वर्षं या भाषेत चाललाय आणि इस्पितळात ती वाचता येणारं माणूस उरलंय एकच, ते म्हणजे मी. उद्या मी नोकरी सोडली तर कोणाच्या दारात जायचं, असं त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

तुम्ही सुट्टीत मला शिकवलीत तेव्हा वाटलं होतं, ही आली की जन्माची चिंता मिटली. आता ती येते असं सांगायला मलाच लाज वाटते. खरं सांगा, संपली का हो ती?

कामाला लागले आहे. चव्वेचाळीस हजार माणसांच्या नोंदी नव्या यंत्रणेत न्यायच्या आहेत. नाव, रक्तगट, जन्मतारीख, वय. त्यात एक गंमत सापडली. तुमच्या प्रोग्राममध्ये दोनशे बारा माणसं एकशे एक वर्षांची आहेत. शंभर नाही, एकशे दोन नाही, नेमकी एकशे एक. जन्मतारीख बघावी तर कोणी तीस वर्षांचं, कोणी बारा वर्षांचं. आणि त्यात आपली ताईसुद्धा! नऊ वर्षांची असताना जिन्यावरून पडली आणि तिला रक्त चढवलं, तेव्हाची नोंद आहे. मी तिला फोन करून म्हटलं, आजीबाई, तब्येत कशी आहे? तुम्ही मुद्दाम काही केलं होतं का हे? तसं असेल तर सांगा, नाहीतर मी जन्मतारखेवरून वयं दुरुस्त करून टाकते.

ताई बरी आहे. सातवा महिना लागलाय, तारीख चौदा मे. वार खाली आहे म्हणतात, त्यामुळे ऐन वेळी रक्तस्राव होऊ शकतो. दोन बाटल्या हाताशी ठेवायला सांगितल्या आहेत. पण आमच्याच इस्पितळात आहे ना, मला कसली काळजी!

तुमची भाचेबाई

१० मार्च

भाचेबाई,

बसलोच होतो. माझ्या वयाची माणसं उभ्याने पत्रं वाचत नाहीत. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं समोरचा ओरडून वाया घालवतो, म्हणून लिहितोय.

तुझ्या साहेबांना माझा निरोप सांग. ही भाषा इस्पितळातच जन्माला आली. आजाऱ्यांची रांग, फाटकी फाइल, घाईतला डॉक्टर हे सगळं बघून कोणीतरी ती बेतली. एका अक्षरात एक हुकूम. एस म्हणजे ठेव, डब्ल्यू म्हणजे लिही, के म्हणजे पुसून टाक, विचारणा नाही की परत बोलणं नाही. तीस वर्षांत माझा प्रोग्राम दोनदा बंद पडला. एकदा वीज गेली म्हणून, एकदा उंदराने तार खाल्ली म्हणून. या भाषेत लिहिलेल्या यंत्रणा जगातल्या कितीतरी इस्पितळांत आजही चालू आहेत. मग संपली म्हणजे नक्की काय झालं? चुकायला लागली का? नाही. तिची चर्चा थांबली, एवढंच. चर्चा तर माझीही थांबली आहे, पण मी सकाळी उठून दात घासतोच.

असो. राग तुझ्यावर नाही. पोटासाठी तुला करावं लागतंय, कर.

ते एकशे एकचं म्हणशील तर ऐक. माझ्या प्रोग्रामने आपणहून कोणाचं वय बदललेलं नाही, हे मी छातीठोक सांगतो. हाताने टाकलेली वयं आहेत ती. रक्तपेढीतल्या मोठ्या बाई आणि त्यांच्या हाताखालची मंडळी घाईत काहीही दाबायची. किती वेळा सांगितलं, नीट बघून टाका! त्या बाईंशी माझं कधी जमलंच नाही, ते जाऊ दे. तू खुशाल दुरुस्त कर. माझ्या नावावर असला गबाळेपणा राहायला नको.

ताईला म्हणावं, जिने चढू नकोस. लहानपणापासून तिला एका पायरीवर थांबून माहीत नाही.

मामा

४ एप्रिल

मामा,

झालं. एकतीस मार्चला पाच वाजता तुमचा प्रोग्राम थांबवला. त्याआधी पंधरा दिवस दोन्ही यंत्रणा शेजारी-शेजारी चालवून ताडून पाहिल्या. रोजची मागणी, कोणाचं रक्त कोणाला चालेल त्या जुळणीचा रोजचा निकाल, एका अक्षराचाही फरक नाही. फरक फक्त त्या दोनशे बारा वयांचा, आणि ती मी दुरुस्त केली म्हणून साहेब माझ्यावर बेहद्द खूश. सगळ्यांसमोर म्हणाले, हिने तीस वर्षांची घाण एका दुपारी साफ केली. तुम्हाला लागेल हे वाक्य, पण लपवून काय करू?

जुन्या डिस्कवरचं सगळं पुसायचं होतं. नियमच आहे, रोग्यांची माहिती भंगारात जाता कामा नये. साहेब म्हणाले, समारंभ करू. मग मी सगळ्यांच्या देखत तुमचा तो एका अक्षराचा हुकूम दिला. एकेक करून सगळे कप्पे रिकामे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

खोलीही ओळखू येत नाही. खिडकीजवळचं ते लाकडी कपाट, बारीक खणांचं, ते काढलं. आत नुसती पिवळी पडलेली कार्डं होती. नव्या यंत्राला तीच एक जागा होती.

त्याच दिवशी रक्तपेढीतले सुईवाले काका निवृत्त झाले. तुम्हाला आठवतात ना? आमच्या शाळेत येऊन रक्त तपासायचे ते. जुन्यांतले ते शेवटचे, बाकी जुळणीच्या टेबलावर आता जानेवारीत आलेल्या दोन मुली आहेत. काका त्या रिकाम्या जागेसमोर बराच वेळ उभे होते. मला म्हणाले, "आता कुठे बघायचं?" मी म्हटलं, "काका, आता सगळं पडद्यावर आहे." ते म्हणाले, "मग बरं झालं बाई," आणि पिशवी उचलून गेले. मला इतकं वाईट वाटलं त्यांचं. माणसं वस्तूंत किती अडकतात ना.

ताईचे पाय सुजलेत, बाकी ठीक. तुम्हाला भेटायचंय म्हणते.

तुमची भाचेबाई

११ एप्रिल

भाचेबाई,

घाण हा शब्द दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचला नाही.

तुझं अभिनंदन. काम चोख केलंस, हे मास्तर म्हणून सांगतो.

एक विचारतो. सुईवाल्याला मी वीस वर्षं ओळखतो, तो कपाटासाठी रडणाऱ्यातला माणूस नाही. त्याने "कुठे बघायचं" असं का विचारलं? काय बघायचं असायचं त्याला? दोन दिवस हे डोक्यातून जात नाही. रिकामं डोकं आहे, दुसरं काय. तू मनावर घेऊ नकोस.

ताईच्या सुजेचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

मामा

२२ एप्रिल

मामा,

मला नीट झोप नाही आणि जेवण जात नाही. तुम्हीच एक आहात ज्यांना हे कळेल.

नवी यंत्रणा चालू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका बसड्रायव्हरचं मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं. दोन बाटल्या रक्त दिलं. गट जुळत होता, जुळणीची चाचणी स्वच्छ. चार दिवस माणूस ठणठणीत, नर्सची टिंगल करत होता. पाचव्या दिवशी ताप. सहाव्या दिवशी डोळे पिवळे आणि लघवी चहासारखी काळी. डॉक्टर म्हणाले, औषधाचा परिणाम. मग मूत्रपिंडं बंद पडली. अकराव्या दिवशी गेला. त्याची बायको खाली रक्तपेढीत आली होती, आभार मानायला. म्हणाली, "तुम्ही वेळेवर रक्त दिलंत." मामा, ती असं का म्हणाली?

आता दुसऱ्या मजल्यावर एक शाळेतल्या बाई आहेत. त्यांनाही रक्त दिलं, त्याही सहाव्या दिवशी पिवळ्या पडल्या. कालपासून डायलिसिसच्या यंत्राला लावलंय.

मी तीन दिवस तुमचा प्रोग्राम आणि माझा प्रोग्राम ओळीला ओळ लावून वाचतेय. तुमचा छापील कागदांवर माझ्याकडे आहे ना, सुट्टीत दिला होतात तो. एकही ओळ मी चुकीची उतरवलेली नाही. गट जुळवण्याचं गणित तेच, निकाल तेच. साहेब म्हणतात, एवढ्या मोठ्या इस्पितळात माणसं आजारी पडणारच, यंत्रणेचं नाव घेऊ नकोस. एक योगायोग तेवढा झाला. ड्रायव्हर आणि बाई, दोघंही माझ्या त्या म्हाताऱ्यांच्या यादीतले. दोघांची वयं मीच दुरुस्त केली होती, म्हणून नावं ओळखीची वाटली.

तुमच्या भाषेत असं काही असतं का, जे डोळ्यांना दिसत नाही पण चालत असतं? हसू नका. मी अगदी गंभीरपणे विचारतेय. ताईची तारीख बावीस दिवसांवर आलीय.

तुमची भाचेबाई

२९ एप्रिल

पोरी,

शेजारच्या शिंप्याच्या मुलीकडून आत्ताच तुला फोन करवला. निरोप ऐकताच तू फोन ठेवलास असं ती म्हणाली. एवढंच कळलं की निरोप पोचला. ताईला कुठल्याही परिस्थितीत रक्त द्यायचं नाही, हा निरोप. आता सविस्तर लिहितो आणि संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो.

मी मोठ्या बाईंकडे गेलो होतो. त्या याच गावात राहतात, माझ्यापासून तीन गल्ल्या पलीकडे, लेकाकडे. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी दारात उभा राहिलो तर म्हणाल्या, "आलात? तीस वर्षं लावलीत."

मी त्यांना एकशे एकचं विचारलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. काही माणसांना एकदा रक्त दिलं की शरीर त्या परक्या रक्तातल्या एखाद्या घटकाशी वैर धरतं. पुन्हा तसलं रक्त दिलं की ते फोडून टाकतं. पण हे वैर वर्षा-दोन वर्षांत चाचणीत दिसेनासं होतं. कितीही तपासा, सगळं स्वच्छ. शरीर मात्र विसरलेलं नसतं, आठवायला त्याला पाच-सहा दिवस लागतात. म्हणून अशा माणसाची नोंद जन्मभर ठेवायची असते. बाई ती कार्डावर ठेवायच्या. खिडकीजवळच्या कपाटात. कार्डावर लिहिलेलं असायचं, याला अमुक घटकाचं रक्त देऊ नये. आणि पडद्यावर कोणाचं कार्ड आहे हे कळावं म्हणून त्याचं वय एकशे एक टाकायच्या. मागणी आली, पडद्यावर एकशे एक दिसलं, की आधी कपाट उघडायचं. रक्तपेढीतल्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ होतं, बाई निवृत्त झाल्यावरही ती तसंच करत राहिली. मला माहीत नव्हतं.

का माहीत नव्हतं तेही लिहितो, कारण नाही लिहिलं तर मला हा कागद पुढे ढकलता येणार नाही. बाई माझ्याकडे तीनदा आल्या होत्या. म्हणाल्या, शेऱ्यासाठी एक रकाना द्या. मी म्हटलं, डिस्कवर जागा नाही. जागा होती गं. मला माझा प्रोग्राम आटोपशीर हवा होता. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी चारचौघांत म्हटलं, "बाई, तुम्ही रक्त बघा, रकाने मी बघतो." त्यानंतर त्या आल्या नाहीत. त्यांनी त्यांची वाट काढली.

आणखी एक आहे. तुझं पत्र मला सत्तावीसला मिळालं. "दोघंही त्या यादीतले" हे वाचलं तेव्हाच मला कळलं की कोणाला विचारायचं. मी दोन दिवस गेलो नाही. चप्पल घालायचो आणि काढायचो. त्या दारात जाऊन उभं राहायची मला लाज वाटत होती.

निदान तारीख चौदा मेची आहे. पंधरा दिवस हातात आहेत. बाई म्हणतात, ताईचं कार्ड काढ आणि त्यावर काय लिहिलंय ते बघून तसं रक्त मागवून ठेव. कपाट काढलं म्हणालीस, ते कुठल्यातरी गोदामात असेल. आत्ता जा.

मामा

३० एप्रिल

मामा,

फोन ठेवून मी तशीच डॉक्टरांकडे पळाले. ताईला अठ्ठावीसला सकाळी दहा वाजता एकदम रक्तस्राव सुरू झाला. स्वयंपाकघरात उभी होती, तिथेच. गाडीत मी तिच्या शेजारी बसले होते. तासाभरात ऑपरेशन केलं. मुलगी झाली, दोन किलोची, काचेच्या पेटीत आहे, पण रडते खणखणीत. ताईला दोन बाटल्या रक्त दिलं. मागणीच्या कागदावर वय चौतीस छापून आलं. मी स्वतः तो कागद वर नेऊन दिला. पळत.

तुमचा निरोप आला तोवर त्याला एक दिवस उलटून गेला होता.

कपाट गोदामात नाही. लाकूड सुताराने नेलं आणि कार्डं लगद्याच्या कारखान्यात गेली. "निरुपयोगी कागद, नष्ट करण्यास हरकत नाही" या ओळीखाली सही माझी आहे. हे मी तुम्हाला चार एप्रिलच्या पत्रात लिहिलं नव्हतं. सुईवाल्या काकांच्या घरी जाऊन आले. ते म्हणाले, "तू सगळं पडद्यावर आहे म्हणालीस. मला वाटलं, कार्डं आत घातलीत."

जुन्या डिस्क मी पुसल्या. वयं मी दुरुस्त केली. मूळ यादी कुठेच नाही. दोनशे बारांपैकी मला अकरा नावं आठवतात, तीही हसले होते म्हणून. बाकीची माणसं आपापल्या घरी आहेत, आणि त्यांच्या नोंदी इतक्या स्वच्छ आहेत की कोणालाही शंका येणार नाही.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. साहेबांनाही सांगितलं. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. साहेब म्हणाले, लेखी काही देऊ नकोस, समिती बसेल. मी लेखी दिलं. आणि रक्तपेढीच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला, की आधी कधी रक्त घेतलं असेल आणि त्रास झाला असेल तर सांगा. लोक वाचतात आणि पुढे जातात.

तुम्ही सत्तावीसला गेला असतात तर, हे मी लिहिणार नव्हते. पण लिहिलं. मला तुमचा फार राग आलाय, आणि तुमच्याशिवाय कोणाला लिहूही शकत नाही.

ताईला कोणी काही सांगितलेलं नाही. बाळाचं नाव काय ठेवायचं यावर ती आणि भावोजी भांडताहेत. मोठ्या बाईंना विचारा, ताईच्या कार्डावर काय होतं. त्यांना आठवत असेल तर.

भाचेबाई

२ मे

पोरी,

राग धर. धरायलाच हवा.

मी तिकडे येत नाही, कारण इथे बसून काम करतोय. कालपासून सकाळ-संध्याकाळ बाईंसमोर वही घेऊन बसतो. त्यांना माणसं नावाने आठवत नाहीत, कशाने आली ते आठवतं. लाकूड अंगावर पडलेला. जुळ्यांची आई. विहिरीचं यंत्र लागलेला. मी एकेक लिहून घेतो, आजवर त्रेचाळीस झालेत. तू नव्या यंत्रणेत त्यांना शोध. मध्येच त्या दमतात आणि डोळे मिटून पडतात, मग मी वही मिटतो. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईचं विचारलं. "जिन्यावरून पडलेली, दोन वेण्यांची," लगेच म्हणाल्या. पहिल्या दिवशी रक्त दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागलं, तेव्हा ती पिवळी पडली. तुझी आई आपल्याला सांगायची ना, की पोरीला इस्पितळात कावीळ झाली? ती कावीळ नव्हती. आपण सगळ्यांनी पंचवीस वर्षं तिला तेलकट खाऊ दिलं नाही आणि समजलो की काळजी घेतली.

तिच्या कार्डावरचा घटक बाईंना आठवतो. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जोडला आहे, डॉक्टरांना लगेच दे. यापुढे बाटली लागली तर तो घटक नसलेलीच द्यायची. दिलेल्या दोन बाटल्यांचं मी विचारलं. बाई म्हणाल्या, दहातल्या सात-आठ जणांच्या रक्तात तो असतो. दोन-तीन जणांच्या रक्तात नसतो. त्या बाटल्या ज्यांच्या, ते दोघेही त्या दोन-तीनांतले असू शकतात. असं होतं, त्यांनी पाहिलंय.

माझ्या भाषेचं तू विचारलं होतंस, संपली का म्हणून. मी तुला केवढं लांबलचक उत्तर पाठवलं. तीस वर्षं मी त्याच भाषेत बडबडत होतो, आणि पलीकडच्या खोलीतली बाई दोनशे बारा वेळा मला काही सांगत होती, ते मी एकदाही वाचलं नाही. आता मला त्या भाषेचं काही वाटत नाही. ताईचं कळव. काहीही असलं तरी कळव.

मामा

४ मे

मामा,

चिठ्ठी मिळाली, डॉक्टरांना दिली. त्रेचाळीसमधले एकोणतीस जण सापडले, त्यांच्या नोंदींवर लाल अक्षरांत सूचना घातली. एकाला उद्या सकाळी रक्त द्यायचं होतं, ते थांबवलं. हे बाईंना सांगा.

ताईला दिलेल्या बाटल्या कोणाच्या होत्या ते काढलं. एकाच्या रक्तात तो घटक नाही. दुसऱ्याच्या आहे. डॉक्टर म्हणाले, एका बाटलीने होईलच असं नाही. भरपूर पाणी जाऊ द्या, लघवीवर लक्ष ठेवा, बाकी आता वाट बघायची. रोज सकाळी रक्त तपासायला नेतात. ताईला सांगितलंय की बाळंतिणीचं नेहमीचंच असतं. काल संध्याकाळी थोडी कणकण होती. ती म्हणाली, दूध उतरल्यामुळे असेल.

आज सहावा दिवस. सकाळी मी गेले तेव्हा उठून बसली होती, केस विंचरत होती. बाळाला पहिल्यांदा पेटीतून काढून तिच्या मांडीवर देणार होते, म्हणून मला आरसा धरायला सांगितला. एक डोळा बोटाने ओढून जवळून बघत म्हणाली, "बघ गं, माझ्या डोळ्यांत काही वेगळं दिसतंय का?"

खिडकीला पिवळा पडदा आहे, ऊन त्यातून येत होतं. मी आरसा काढून घेतला. म्हटलं, "पडद्याचा रंग पडलाय, ताई. चल, बाळ आणताहेत." ती हसली आणि तिने हात पुढे केले.

भाचेबाई